ह. मु. बार्शी : घरातून पुसलेल्या माणसाचा माग कसा काढावा

सर्वपित्री अमावस्येला आमच्या घरी एक पान जास्तीचं वाढलं जायचं. आज्जी म्हणायची, "हे आण्णाचं." आण्णा म्हणजे आजोबांचे थोरले भाऊ. रझाकारीत, म्हणजे हैदराबाद संस्थानातल्या रझाकारांच्या धामधुमीत गेले, एवढंच सांगायचे. गेले म्हणजे वारले की गाव सोडून गेले, हे विचारलं की आज्जी चुलीतलं लाकूड पुढं सारायची आणि विषय तिथंच संपायचा.

मी निलंगा तालुक्यातली, तेरणेच्या काठच्या गावची. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, मी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेले. चार वर्षं लागली. तुमच्याही घरात असं एखादं बिननावाचं पान असेल तर माझ्या चुका तरी तुमच्या वाचतील, म्हणून लिहिते.

कागदाआधी घर

पहिली गोष्ट, पान कोणत्या तिथीला वाढतात ते विचारा. मरणाची तिथी माहीत असेल तर त्या तिथीला घालतात. हत्यारानं किंवा अपघातानं गेलेल्याचं चतुर्दशीला. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला. तिथीच माहीत नसली की अमावस्येला. काही घरांत सगळ्यांचंच अमावस्येला उरकतात, ते वेगळं. पण आमची आज्जी तिथीला पक्की होती. तिनं आण्णांसाठी चतुर्दशी धरली नाही, म्हणजे आण्णांना मारल्याची पक्की खबर घरात कधी आलीच नव्हती. "रझाकारांनी मारलं" ही गोष्ट गावानं नंतर चिकटवलेली. हे मला साठीला आल्यावर सुचलं, लहानपणापासून ते पान बघत असूनही.

देवघरातले टाकही मोजा. देवांचे सोडून जे उरतात ते घरातल्याच कुणाचे तरी असतात. लग्नाआधी गेलेला मुलगा, बाळंतपणात गेलेली पहिली बायको. वंशावळीत नसलेली माणसं तिथं सापडतात.

मग म्हाताऱ्या बायका. पुरुषांना जमीन आणि भांडणं आठवतात. बायकांना कोण कुणाच्या लग्नाला आलं, कुणाचं सुतक धरलं, कुणाच्या घरचं पाणी बंद झालं हे आठवतं. पण सरळ विचारू नका. मी आत्याला सरळ विचारलं, तर ती म्हणाली, "कशाला इचारायलीस गं? वाटणी मागायलीस का काय?" वंशावळ हा शब्द आमच्याकडं दोनच कारणांसाठी निघतो, जमिनीचा दावा नाहीतर जातीचा दाखला. तिसरं कारण असू शकतं हे कुणाला पटत नाही. मी तिला सांगितलं की मला काही नको, नुसतं नाव पाहिजे. तरी दोन महिने ती बोलली नाही. मग एक दिवस वांग्याची भाजी चिरता चिरता आपणहून म्हणाली, "कागदावर धोंडी असंल बघ. म्हाताऱ्याला आधीची लेकरं जगत नव्हती म्हणं."

आता बघा, एका नावात केवढं आलं. धोंडी, दगडू, केरबा ही नावं लेकरू जगावं म्हणून ठेवलेली. म्हणजे आण्णांच्या आधी एक-दोन मुलं गेलेली, ती तर वंशावळीत यायचा प्रश्नच नाही. आणि आण्णा, आबा, बापू, तात्या ही हाका आहेत, नावं नव्हेत. कागदावरचं नाव कळल्याशिवाय कचेरीची पायरी चढू नका. मी चढले होते. "आण्णा" नावाचा खातेदार शोधत होते.

पेटीतल्या कागदांत शेवटी आहेराची वही निघाली. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपानं आमचं घर पडलं. ढिगाऱ्यातून जी पत्र्याची पेटी निघाली, त्यात वहीला वाळवी लागलेली होती, पण ती वाचता येत होती. आत्याचं लग्न, १९६१. कुणी काय आहेर केला, गावासकट. पाचव्या पानावर एक ओळ: "बार्शीकर, रु. २, खण १." नाव नाही. वहीतल्या बाकी सगळ्यांना नाव आहे. बार्शीत आमचं कुणी नाही, असं घरातला प्रत्येक माणूस शपथेवर सांगत होता.

आहेराच्या वह्या टाकू नका. पंचांगं, आरत्यांची पुस्तकं, जुन्या पोथ्यांची मागची कोरी पानं, हेही बघा. जन्म-मरणाच्या नोंदी लोक तिथं करायचे.

तुमचं गाव तेव्हा कुठं होतं?

यात माझे सहा महिने गेले. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला, उस्मानाबादमधून. म्हणून जुनं सगळं धाराशिवला असणार, असं समजून मी चकरा मारल्या. शेवटी एका म्हाताऱ्या कारकुनानं विचारलं, "बाई, छप्पनच्या आधी तुमचा तालुका कोणत्या जिल्ह्यात होता?" मी गप्प. मी शाळेत इतिहास शिकवत होते!

निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तीन तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादमध्ये होता. राजुरा, जो आज चंद्रपूर जिल्ह्यात आहे, तोही आदिलाबादमध्ये. उलट मुधोळ-भैंसा भाग नांदेड जिल्ह्यात होता, तो आंध्रात गेला. जालना जिल्हा १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एक तक्ता करा: गाव, आणि १९४८ च्या आधी, १९५६ पर्यंत, १९८२ पर्यंत, आज असा प्रत्येक टप्प्याचा तालुका-जिल्हा. शिवाय गाव दिवाणीत म्हणजे थेट सरकारी कारभारात होतं, जहागिरीत होतं, की निजामाच्या खासगीत म्हणजे सर्फ-ए-खासमध्ये, हेही शोधा. जहागिरीचा कारभार वेगळा, तिचे कागद वेगळे. जहागिरी १९४९ ला गेल्या, पण कागद त्या दिवशी उठून तहसीलला आले असं नव्हे.

संस्थानाच्या वरच्या पातळीचे कागद हैदराबादेत तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत. आपल्याकडं पुराभिलेख खात्याचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. एका साध्या शेतकऱ्यासाठी तिथपर्यंत जायची गरज सहसा पडत नाही. इनाम, वतन, देवस्थानाची सनद असलं काही घरात असेल तर मात्र जा.

जमिनीवरचं नाव

माणूस निघून जातो, शेत जागेवर राहतं. त्यावरचं नाव कधी बदललं आणि कुणाच्या सांगण्यावरून बदललं, हे शोधायचं. ज्याचं नाव गेलं त्याच्यापेक्षा ज्याचं नाव लागलं त्याच्याकडं लक्ष द्या.

आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन मागं जाता येत नाही, कारण जमिनींच्या एकत्रीकरणाच्या आधी सर्व्हे नंबर होते. जुना नंबर आणि नवा नंबर जुळवणारा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयातून आधी घ्या. मग नकलेचा अर्ज करा. अर्जात "आमचे सर्व जुने कागद मिळावेत" असं लिहिलंत तर काहीच मिळणार नाही. कागदाचं नाव, गाव, सर्व्हे नंबर, वर्ष, एवढं लिहा. मराठवाड्यात पहिला भरवशाचा टप्पा म्हणजे १९५४-५५ चं खासरा पत्रक. त्याच्या मागं शेतवार आणि पाहणी पत्रकं, पुढं फेरफार म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी. शेत कसणारा मालक नव्हता असं घर असेल तर १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याखालची संरक्षित कुळांची यादी बघा. जमीन नावावर नसलेल्यांचीही नावं तिथं येतात. आणि २०२३ पासून कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात जुने बस्ते सोडले गेले, पानं स्कॅन झाली. राजकारण काही असो, धूळ झटकली गेली. आधी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर बघा, मग चकरा मारा.

वाचताना हे शब्द लागतील. "वल्द" म्हणजे अमक्याचा मुलगा. "जौजे" म्हणजे अमक्याची बायको, पुढं त्याचंच "भ्र." झालं. "बेवा" म्हणजे विधवा. "अ. पा. क." म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, इथं एक लहान मूल लपलेलं असतं. आणि सगळ्यात माणसं गिळणारी अक्षरं म्हणजे "ए. कु. मॅ.", एकत्र कुटुंब मॅनेजर. एका भावाचं नाव पुढं आणि बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांच्या पोटात. आमच्या खासरा पत्रकात आजोबांच्या नावापुढं तेच होतं. म्हणजे १९५४-५५ ला आण्णा कागदावरून गेले नव्हते, झाकले गेले होते.

मग मी फेरफार रजिस्टर पानन् पान बघितलं. १९५९ च्या एका नोंदीवर मी थांबले. वर्दी देणार: आजोबा. मजकूर: थोरला भाऊ धोंडी हा बेवारस मयत, सबब खाते वर्दीदाराचे नावे करावे. खाली आजोबांचा अंगठा, आणि पंच म्हणून गावातल्या दोघांच्या सह्या.

मला त्या दिवशी परत येताना निलंग्याच्या स्टँडवर चहा गेला नाही. ज्या आजोबांनी मला खांद्यावर बसवून यात्रेला नेलं, त्यांचा तो अंगठा. पण तोपर्यंत ते खरं आहे असंच मी धरून चालले होते. आण्णा मेले असतील, पोरंबाळं नसतील. "बेवारस मयत" हे मरणाचं प्रमाण नव्हे, ती एका भावाची वर्दी आहे, हे समजायला आणखी वर्ष गेलं. तुम्ही हे पहिल्याच दिवशी समजून घ्या. मृत्यूची नोंद वेगळी, गाव नमुना चौदाची, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. ती मागा. आमच्याकडं ती सलग मिळत नाही. माझ्या गावची मधली कैक वर्षं नाहीतच. पण जी आहेत त्यांत धोंडी नाही.

घरातली बाई शोधत असाल तर एक आडवाट सांगते. सातबाऱ्यावर लेकींची नावं जुन्या काळी येतच नसत. पण १९५६ च्या वारसा कायद्यानंतर बापाच्या मागं मुलींचीही नावं वारस म्हणून लागायला लागली, आणि लगेच भावांनी हक्कसोडपत्रावर त्यांचे अंगठे घेतले. हक्क गेला, पण त्या कागदावर बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं गाव आलं. जिचं दुसरं काहीही उरलं नाही अशा माझ्या एका चुलत आज्जीचा पत्ता मला तिच्या हक्कसोडीतच सापडला.

फसली, मोडी, उर्दू

निजामी कागदावर सन फसली, म्हणजे महसुली, असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन. पण फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या तारखेला ५९१ मिळवा. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८, आमच्याकडच्या पळापळीचं वर्ष. दै, बहमन, खुर्दाद, अमर्दाद असं काही दिसलं की ते महिने आहेत, माणसांची नावं नव्हेत. हसू नका, मी एका बहमनला आमचा नातेवाईक समजले होते.

गावपातळीचं लिखाण साधारण मोडीत, वरचं उर्दूत. मोडी महिना-दोन महिन्यांत वाचता येते, मी शिकले. उर्दूसाठी माणूस शोधा. आणि तो माणूस वाचेल तेव्हा शेजारी बसा, कारण मराठी नावं त्यात मोडतात. उर्दूत ळ नाही, ण नाही. काळू होतो कालू, कृष्णा होतो किशना. जेर-जबर म्हणजे स्वरांच्या खुणा सहसा देतच नाहीत, त्यामुळं धोंडीचा धुंडीही वाचला जातो. नाव मोठ्यानं म्हणून बघा, कान ओळखतो.

माझे कागद वाचले उर्दू शाळेच्या एका निवृत्त गुरुजींनी. पैसे घेईनात, म्हणून दर वेळी धपाटे नेत होते. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला ते म्हणाले की त्यांचे दोन चुलते १९४८ च्या सप्टेंबरात, पोलीस ॲक्शननंतरच्या, म्हणजे भारतीय फौज संस्थानात आल्यानंतरच्या दिवसांत गेले, ते कुठल्याच कागदावर नाहीत. पंडित सुंदरलाल समितीनं त्या वर्षाअखेरी फिरून जो अहवाल दिला त्यात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून आहेत. "तुमच्या आण्णांना मयत म्हणायला निदान कुणीतरी तहसीलला गेलं," गुरुजी म्हणाले आणि पुढचं पान उलटलं. मी त्यांनाही शोधायला सांगितलं. ते म्हणाले, बघू.

पळालेला माणूस कुठं जातो

ओळखीच्या वाटेनं जातो. रझाकारीत लोक हद्द ओलांडून हिंदी मुलखात गेले. हदगावकडचे उमरखेडला, आमच्या बाजूचे सोलापूर-बार्शीकडं. लातूरहून बार्शी लाईटची छोटी गाडी होतीच. बार्शीत गिरण्या होत्या, हाताला काम होतं. तुमचं माणूस सरहद्दीवरच्या कॅम्पात राहिलं असेल तर स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या फायली विसरू नका. स्वतःची नसली तरी सोबत्याच्या फायलीतल्या प्रतिज्ञापत्रात बरोबरच्यांची नावं असतात.

आता आहेराच्या वहीतला "बार्शीकर" आठवा. मी बार्शीला गेले आणि मला जे येतं तेच केलं, शाळा धरल्या. प्रवेश-निर्गम रजिस्टर हे कायम जपायचं दप्तर आहे. शाळा बंद झाली तरी ते दुसऱ्या शाळेत जातं. पळून आलेला बाप रेशनकार्डाआधी पोराला शाळेत घालतो, हा माझा अनुभव. किल्लारीच्या भूकंपानंतरही मी तेच पाहिलं.

तिसऱ्या शाळेत सापडलं. १९४९, वय सात, बापाचं नाव धोंडी. आडनाव आमचं नाही, "निलंगेकर". गाव सोडलेल्याला नवं गाव जुन्या गावाच्या नावानं हाक मारतं, म्हणून बाहेरगावी शोधताना तुमच्या आडनावाबरोबर तालुक्याच्या नावाला "कर" लावूनही शोधा. जन्मस्थळाच्या रकान्यात एकच शब्द, "मोगलाई". सोलापूर जिल्ह्यातल्या मास्तरांना निजामाचा मुलूख एवढाच कळायचा. जन्मतारीख १ जून. तिच्यावर जाऊ नका. मी स्वतः शेकडो पोरांना १ जूनला जन्माला घातलंय.

इथं हुरळून जायचं नाही. धोंडी काय, हजार असतील. मी स्वतःला नियम घातला होता: तीन गोष्टी, तीन वेगळ्या कागदांतून जुळल्या तर मानायचं. नाव जुळलं. मुलूख जुळला, तालुका आडनावात होता. जातीचा रकानाही जुळला, पण तो त्याच कागदावरचा, म्हणून धरला नाही. मुलानं चौथीत शाळा सोडलेली, पुढं काही नाही. इथं मी जवळजवळ वर्षभर अडकले.

तुळजापूर

सुटका आत्यानंच केली. म्हणाली, "गाव सोडलं, शेत सोडलं, आई सोडली असंल व्हय?"

आमचं कुलदैवत तुळजाभवानी. लग्न झालं की नवराबायको तिथं जातात, मग गोंधळ. प्रत्येक घराचा पुजारी ठरलेला, आणि पुजाऱ्याकडं यजमानांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडं जशा नामावळी असतात तशाच. लोक तिथं स्वतःच्या तोंडानं वंशावळ सांगतात. तहसीलला सांगताना माणूस जमिनीकडं बघून बोलतो, इथं देवीकडं बघून. जाताना आपलं आडनाव, मूळ गाव आणि पुजाऱ्याचं घराणं माहीत असू द्या. सणाची गर्दी टाळा, आषाढात जा. दक्षिणा द्या आणि निवांत बसा.

आणि नजर ठेवायची ती "ह. मु." या दोन अक्षरांवर. हल्ली मुक्काम. फेरफारात असेल, कोर्टाच्या कागदात असेल, पुजाऱ्याच्या वहीत असेल. मूळ गाव आणि नवं गाव एका ओळीत आणणारं दुसरं काही नाही.

पुजाऱ्यांनी आमच्या गावाची पानं काढली. १९६३ ची नोंद, बाळबोधीत. आमचं आडनाव, आमचं गाव, आणि पुढं: ह. मु. बार्शी. धोंडी, मुलाचं नुकतंच लग्न झालं म्हणून मुलगा आणि सून घेऊन आलेले. मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टरातलंच. "बेवारस मयत" लिहून चार वर्षं झाली होती.

त्याखाली आण्णांनी घर सांगितलेलं होतं. आधी वडील. मग "भाऊ एक," आणि आजोबांचं नाव. आजोबांना मुलगे दोन, मुलगी एक. तिन्ही नावं क्रमानं, बिनचूक. त्यातलं मधलं नाव माझ्या वडिलांचं.

पुजाऱ्यांनी पेनाचं टोपण काढून विचारलं, "पुढची नावं लावू का, बाई?" मी आजोबांच्या खालची सगळी सांगितली, माझ्या नातवापर्यंत. आण्णांच्या सुनेखाली बोटभर जागा मोकळी ठेवायला सांगितली. त्यांनी ठेवली.